शोधाय लागल्यात

आई, गेल्या आठवड्यात टीव्हीवर संसदेतली चर्चा ऐकत बसले होते. भ्रूणांवरच्या संशोधनाचा कायदा बदलायचा की नाही, यावर बोलणं चाललं होतं. एक खासदार म्हणाले, तो जीवच आहे, त्याला हात लावायचा हक्क कुणालाच नाही. एक बाई उठल्या, म्हणाल्या, टाकून देण्यापेक्षा त्यातून एखादा आजार तरी बरा होऊ दे. मला दोघांचंही पटत होतं. तू गेल्यावर फार वर्षांनी तुझी नात झाली, तीही प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून. तेव्हाचे तीन उरलेत, दवाखान्यात गोठवून ठेवलेले. ते संशोधनाला द्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं.

ऐकता ऐकता आपला धाकटा आठवला, माझा भाऊ. नऊ वर्षांचा झाला तरी तुझ्या पाठीवर, मंगळवार पेठेतनं शाळेपर्यंत. एकदा त्यानं कळंब्याच्या तलावाचा हट्ट धरला. बसमध्ये चढलो तर कंडक्टर ओरडतोय, "अवो मावशी, एवढं थोरलं पोरगं उचलून घेतलंय व्हय? सोडा की खाली, चालंल त्यो!" तू म्हणतेस, "चालत न्हाय त्यो. आन् मला जड न्हाय." कंडक्टर पुढची सीट मोकळी करून देतो. काठावर बसवून तू त्याचे पाय पाण्यात सोडतेस. "आई, मासं गुदगुल्या कराय लागल्यात की!" तो किंचाळतो, आणि तू अशी हसतेस की भडंग खाणारे लोक वळून बघतात.

त्याच वर्षी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंचा आजार आहे, जन्मापासूनचा, औषध नाही. तू रडली नाहीस. विचारलंस, "कोण शोधाय लागलंय का?" डॉक्टर म्हणाले, "हो, शोधतायत." घरी येऊन भाकरी थापता थापता तू बाबांना सांगितलंस, "औषध न्हाय म्हनं. पर शोधाय लागल्यात." जणू आपल्याच घरचं कुणी औषध आणायला गेलंय आणि येईलच एवढ्यात. त्या बोलण्यावर तू सगळी वर्षं काढलीस. तो कॉलेजला जायच्या वयात गेला, आणि मागोमाग तूही.

काल आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, यातून काय निघेल ते सांगता येत नाही, कदाचित काहीच नाही. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू म्हणशील तसं," म्हणाले. मी म्हटलं, "देऊया. शोधणाऱ्यांच्या हातात काहीतरी असू दे." माझा आवाज अगदी तुझ्यासारखा ठाम निघाला. वाटेत हे म्हणाले, "आईंना आवडलं असतं." असेलही.

पण आई, मी दोनच दिले. तिसऱ्याला राहू दे, असं मीच म्हणाले. आता या वयात मला दुसरं मूल नको आहे, तरीही. तो जीवच आहे, हे त्या खासदारांचं बोलणंही मला पटलं होतं ना.