सुऱ्या पुन्हा बोथट

मंगळवार, ४ मार्च

धार लावायचं मशीन आलं. लेकीने पाठवलं. फोनवर म्हणाली, "आई, तुझ्या सुरीने टोमॅटो कापत नाहीस, चेपतेस." खोटं नाही.

मुठीत मावेल एवढं मशीन. आत सँडपेपरसारखा पट्टा गरगर फिरतो, वर तिरकी खाच. सुरी खाचेत घालायची, बटण दाबायचं, मुठीकडून टोकाकडे ओढायची. आधी खरखरीत पट्टा, मग मऊ. वाचताना सोपं वाटलं. बटण दाबल्यावर असा घुर्रकन आवाज आला की मी सुरी टाकून मागेच सरले. हे दारात उभे होते. वाटलं, आता वर्षभर चिडवतील. पण हसलेसुद्धा नाहीत. "जपून," एवढंच म्हणाले.

बुधवार, ५ मार्च

छोट्या सुरीचं टोक घासून गोल केलं. टोक खाचेतून पूर्ण बाहेर ओढायचं नसतं — पट्ट्यावर असतानाच बटण सोडायचं. शहाणपण सुरी गेल्यावर आलं.

मोठी सुरी मात्र झकास झाली. वर्तमानपत्राचा कागद सरळ चिरला. मग अंगात आल्यासारखं झालं! उरलेल्या सुऱ्या, कात्री, मागच्या बागेतलं खुरपं — हाताला लागेल ते घासलं.

शुक्रवार, ७ मार्च

मोठी सुरी बोथट. बाकीच्याही तशाच. इतक्यात?

सोमवार, १० मार्च

हार्डवेअरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, दाब देता ना? देऊ नका. सुरीचं वजन पुरतं. आणि शेवटी मऊ पट्ट्यावरून अलगद काढा, नाहीतर धार वळते." घरी येऊन तसंच केलं. दाढी करता येईल अशी धार आली.

गुरुवार, १३ मार्च

पुन्हा बोथट! खुरप्याची धार मात्र जशीच्या तशी — आणि ते तर रोज मातीत. काही केल्या ताळमेळ लागत नाही. जी सुरी धार लावल्यापासून मी हातातसुद्धा घेतली नव्हती, तीही गेली. तिच्या धारेवर आडवे ओरखडे.

आपल्या घड्याळाच्या दुकानात जाण्याआधी भाजी हेच चिरतात. लग्न झाल्यापासून. विचारलं, "अहो, भाजी चिरता की दगड?"

"कोबी," म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

बोटाला पट्टी होती. "दुकानात लागलं." घड्याळ दुरुस्तीत बोट कापण्यासारखं काय असतं? चिमटा नि बारीक स्क्रू. विचारणार होते, तर लेकीचा फोन आला.

रविवार, १६ मार्च

मी पाहिलं.

कपडे वाळत घालायला मागे गेले, तर हे धुण्याच्या दगडाशी बसलेले. मोठी सुरी धारेवर उभी धरून दगडावर घासत होते, धार मोडायला. सावकाश, मन लावून, घड्याळ उघडून बसतात तसे. मी ओली चादर घेऊन तशीच आत आले.

लेकीने पाठवलेलं खपत नाही का यांना? की मी शिकले ते? की — लिहायलाही हात धजत नाही — मी या सुऱ्यांनी काही बरंवाईट करून घेईन असं वाटतं? हल्ली गप्प मी नाही, गप्प हे असतात. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यापासून कधी चहाची खारीसुद्धा लपवली नाही.

सोमवार, १७ मार्च

विचारलं. तोंडावरच.

"इतकी धार कशाला?" म्हणाले. "घरात माणसं राहतात."

"माणसं राहतात म्हणून सुऱ्या बोथट करायच्या? बोथट सुरी जास्त निसटते, हार्डवेअरवाल्याने सांगितलं."

"त्याला काय कळतं."

"मग मला सांगा. मला कळेल."

उठले आणि दुकानात निघून गेले. डबा ओट्यावरच राहिला. मी चिडून सगळ्या सुऱ्यांना पुन्हा धार लावली. मग ओट्याशी उभी राहून रडले. कशासाठी, ते धड सांगता येत नाही.

मंगळवार, १८ मार्च

आज भाजी मी चिरली. "चिरू दे मला," म्हणाले नाहीत.

बुधवार, १९ मार्च

दुकान उघडायची वेळ टळली तरी निघेनात. माझ्यासमोर येऊन बसले, उजवा हात पुढे केला आणि डोळे मिटले. म्हणाले, "तुझी सेफ्टी पिन काढ. टोच."

"अहो, हे काय भलतंच?"

"टोच गं."

टोचली. आधी हलकेच, मग जरा जोरात. तर्जनीवर रक्ताचा थेंब आला.

डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "घाबरू नकोस. टोच ना."