त्याचा डावा हात

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिने चढू देऊ नकोस. मी बरी आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण आडवी पडून लिहितेय. दोन बरगड्या मोडल्यात, बसलं की कळ येते. घाबरू नकोस, हॉस्पिटल स्वच्छ आहे. दाराशी एक महिला पोलीस असते, तीही स्वभावाने चांगली आहे.

आता विचारशील, पोलीस कशाला?

लग्नाआधी तू विचारलं होतंस, "नवरा हवाय की वादळ?" तेव्हापासून आपण त्याला वादळच म्हणतो. मला वादळच हवं होतं गं. तो वाजवायला लागला की मी दुरुस्तीला घेतलेल्या, भिंतीवर टांगलेल्या व्हायोलिनच्या तारासुद्धा थरथरायच्या. असा माणूस मोजूनमापून कसा वागेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. हात उचलला की नंतर पायाशी बसून रडायचा. "माझं भानच सुटतं गं." माझं नाक धुवायच्या आधी मी त्याचे डोळे पुसायचे.

मंगळवारी भर दुपारी तो माझ्या वर्कशॉपमध्ये आला. मी एका गिऱ्हाइकाशी हसून बोलले, एवढंच निमित्त. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने आतून कडी घातली. हातातलं स्वतःचं व्हायोलिन पेटीत ठेवलं, वर मखमलीचं फडकं पसरलं, दोन्ही खटके लावले, पेटी उंच फळीवर सरकवली. मग केस धरून माझं डोकं टेबलावर आपटलं.

ताई, इतक्या वर्षांत माझं काय काय मोडलं, पण त्या व्हायोलिनवर ओरखडा नाही. भान सुटलेला माणूस खटके लावत बसेल का?

खाली पडले तर लाथा. कशीबशी शेगडीशी उठून उभी राहिले. तिच्यावर लाकूड चिकटवायचा सरस उकळत होता. त्याने डाव्या हाताने माझा गळा आवळला. तारांवर बोटं फिरतात तो हात. तोंडावर फेकला असता तरी सुटले असते. मी हातावर ओतला. माझाही गळा भाजला. तो गुरासारखा ओरडत होता, "माझा हात! माझा हात!"

माझ्या वकीलबाईंनी पढवलं होतं, "भान सुटलं होतं म्हणा, विषय संपला." आज सकाळी इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आले.

"रागाच्या भरात झालं ना, बाई?"

"जीव वाचवायलाच ओतला, साहेब. पण हात मी निवडला."

त्यांनी पेन थांबवलं. "परत एकदा विचार करा."

"तेव्हाच केला होता."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दुपारी डॉक्टरांकडून कळलं, त्याची बोटं आता पुरती मिटणार नाहीत. मी उशीत तोंड खुपसून रडले. त्याच्यासाठी नाही, असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला? ते वाजवणं आता पुन्हा ऐकू येणार नाही, म्हणून रडले.

येशील तेव्हा समजावत बसू नकोस. "चुकलीस" म्हण, नाहीतर "बरं केलंस" म्हण, पण काहीतरी एकच म्हण. माझ्या आत दोघी एकदम बोलतायत.

तुझी, त्या दोघींतली जी उरेल ती,
धाकटी