उत्तम सत्य, पांढऱ्या पाकिटात

शाहूपुरी, कोल्हापूर
क्षमावाणी, २००६

प्रिय धम्मपाल,

आज आमची क्षमावाणी. दशलक्षण पर्व संपलं की आम्ही जैन मंडळी भेटेल त्याच्यासमोर हात जोडतो आणि वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर क्षमा मागतो. लांबच्यांना पत्रं धाडतो. तुला हे नवीन नाही. एम.ए.ला असताना मी दरवर्षी तुला असं कार्ड द्यायची आणि तू ते उलटंपालटं करून विचारायचास, "नेमकं कशाबद्दल, ते लिवलेलं न्हाय की हितं." तुझी ही खोड पुढे पोलीस खात्याच्या कामी आली असं तुझी ललिता म्हणते. तर यंदा नेमकं कशाबद्दल ते लिहिते आहे. पत्र लांबेल. साहेब झाला असलास तरी शेवटपर्यंत वाच, मधली पानं सोडायची तुझी जुनी सवय मला माहीत आहे.

तुझ्या ठाण्यातल्या बाकावर गेले काही दिवस एक म्हातारा येऊन बसतो. धुवट धोतर, खांद्यावर पंचा, कुणी विचारलं तर उत्तर देतो, नाही विचारलं तर ओठातल्या ओठात णमोकार मंत्र म्हणत राहतो. ते आमच्या बस्तीचे, म्हणजे मंदिराचे पुजारी, गुंडूअण्णा उपाध्ये. बस्तीच्या कोठीच्या खोलीत चोरून छापलेल्या सिनेमांच्या सीडींचं, चकत्यांचं खोकं सापडलं आणि खोलीची किल्ली अण्णांच्या करगोट्याला, एवढा त्यांचा अपराध. अण्णांना टीव्ही लावता येत नाही, धम्मपाल. लागलेला असेल तर बंद करता येत नाही. ते निर्दोष आहेत. हे माझं अनुमान नव्हे, प्रत्यक्ष ज्ञान आहे. आणि या दोहोंतला फरक परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये मीच तुला समजावला होता. पण मला हे कसं ठाऊक, ते सांगायचं तर जिनेशपासून सुरुवात करावी लागते, आणि सकाळपासून माझी लेखणी तिथंच अडते आहे.

जिनेश तुला आठवत असेल. शर्टाच्या बाह्यांना नाक पुसणारा माझा धाकटा भाऊ. तू घरी आलास की तुझी सायकल पळवायचा. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, वडील असून नसल्यासारखे, म्हणून तो माझ्याच हाताखाली वाढला. त्याच्यामुळे मी लग्न केलं नाही असं लोक म्हणतात. लोकांनी काही तरी म्हणावंच. आता तो चौतीस वर्षांचा बाप्या आहे, आणि नाक पुसायला रुमाल वापरतो, एवढी प्रगती मला करून दाखवता आली.

आमच्या घराच्या खालीच त्याचं दुकान. आधी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती, मग कॅसेटी गेल्या आणि चकत्या आल्या. तुला सांगते, सुरुवातीला एका कोऱ्या सीडीचे साठ-सत्तर रुपये पडायचे. लग्नाचं शूटिंग करणारे फोटोग्राफर एकेक नग न्यायचे, कडेनं धरून, तीर्थ सांडू नये तसा. जिनेश ती काचेच्या कपाटात ठेवायचा. मग भाव उतरायला लागला. चाळीस झाला, वीस झाला, पुढे तर दांड्यात ओवलेल्या पन्नास-पन्नास चकत्या भेंडी-गवारीसारख्या विकायला आल्या. आता दहाच्या आत मिळते, आणि शेजारचा झेरॉक्सवाला नऊला देतो म्हणून ह्यानं साडेआठला द्यायची. एकदा मी दुकानात बसले होते. कबनूरचा एक यंत्रमागवाला आला, चकती उजेडात धरून म्हणाला, "पावणं, कोऱ्याचं कसलं पैसं? आत काय हाय ते सांगा की." त्या दिवशी मी हसले. जिनेश हसला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढचं तू ओळखलंसच. एका वेळी सात चकत्या छापणारं यंत्र आलं, कुठूनसा पुण्याचा एक माणूस शुक्रवारी लागलेला सिनेमा सोमवारी पोचता करायला लागला, आणि कोऱ्या चकत्या भरलेल्या व्हायला लागल्या. कबनूरच्या मागांवर माल जायचा, हंगामात बिद्रीच्या कारखान्यापाशी ऊसतोडीवाल्यांच्या तळावर जायचा. तुझ्या वडिलांच्या कारखान्यापाशी बरं का. भाऊसोकाकांना मात्र यातलं काही सांगू नकोस. मी जिनेशला धरलं. म्हटलं, ही चोरी आहे. तर हा म्हणतो, "अक्का, चोरी कशी? चोरी म्हंजे त्याचं गेलं पायजे. मूळ पिक्चर जिथल्या तिथं हाय की. मी निस्ती नक्कल करतोय." लहानपणी याला वाद घालायला मीच शिकवलं. तर्कशास्त्रातले घट, पट, कार्य, कारण. सगळं व्याजासकट परत आलं. अर्धा दिवस मला खंडन सुचेना, भाजी दोनदा करपली. संध्याकाळी खाली जाऊन म्हटलं, मग कोरी साडेआठला आणि भरलेली तीसला का देतोस? वरचे कुणाचे? तो म्हणाला, "गाडीभाड्याचं." आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं, पण मग त्याला जेवायला कोण वाढणार? तेव्हा आमचा एक तह झाला. पर्वाच्या दहा दिवसांत सिनेमाची एकही चकती करायची नाही. तो लगेच कबूल झाला. एवढंच नाही, तर गेल्या चातुर्मासातली महाराजांची प्रवचनं आपल्या खर्चानं चकत्यांवर छापून बस्तीत फुकट वाटतो म्हणाला, आणि स्वतः एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं व्रत धरलं. मी सुखावले. धम्मपाल, ज्या माणसानं आयुष्य शब्दांचे अर्थ लावण्यात घालवलं त्यानं आपल्या भावाचा चेहरा वाचायला जाऊ नये, हे मला फार उशिरा कळलं.

पर्वाच्या आधीच त्यानं नुकत्याच लागलेल्या एका सिनेमाचा माल छापून ठेवला होता. आता दहा दिवस तो दुकानात ठेवायचा कसा? उपवासाच्या माणसानं पापाशेजारी बसायचं कसं? म्हणून दुकान शुद्ध राहावं यासाठी त्यानं ते खोकं नेऊन ठेवलं कुठं, तर बस्तीच्या कोठीत. अण्णांकडून किल्ली घेऊन, प्रवचनांच्या खोक्यांशेजारी, भिंतीला लावून. शपथेवर सांगते, असं काही फक्त आमच्याच घरातल्या माणसाला सुचू शकतं. दोन्हीकडे तीच पांढरी कागदी पाकिटं, आत तीच रुपेरी चकती, अक्षर कशावरच नाही.

आणि मग आम्ही महिला मंडळ कामाला लागलो. "उत्तम सत्य" असं सोनेरी अक्षरांत छापलेल्या चिठ्ठ्या आल्या होत्या, पाचव्या दिवसाच्या प्रवचनाच्या. पाकिटं दिसतील तेवढ्यांवर आम्ही त्या चिकटवल्या. देखरेख माझी होती. सरळ लावा, शिरोरेषा वाकडी दिसता कामा नये, असं मी ओरडत होते. चिठ्ठ्या संपल्या तेव्हा जिनेशच्या खोक्याच्या तळाशी थोडी पाकिटं चिठ्ठीविनाच राहिली. तीच तुझ्या माणसांना सापडली. बाकीचं उत्तम सत्य आम्ही प्रसादाच्या लाडवासोबत घरोघर पोचतं केलं.

काय झालं असेल ते डोळ्यांपुढे आण. मंडळातल्या एकीच्या घरी सगळी माणसं आंघोळ करून, हात जोडून बसली, आणि पडद्यावर समुद्रकाठी नाचणारी नायिका आली. तिच्या सासूबाई संपूर्ण सिनेमा बघत बसल्या. नंतर म्हणाल्या, "शेवटाला म्हाराज येतील म्हणून बसले की." हे ऐकून मी दोन मिनिटं हसले आणि तिसऱ्या मिनिटाला माझं हसू थांबलं. कारण एक पाकीट आमच्याच समाजातल्या, इचलकरंजीच्या वाटेवर थिएटर चालवणाऱ्या गृहस्थांकडे गेलं होतं. त्यांच्याच थिएटरात लागलेला सिनेमा त्यांना प्रसादात मिळाला. मोकळ्या खुर्च्या मोजून वैतागलेला माणूस तो, सरळ तुझ्याकडे आला, यात त्याची चूक मी काढणार नाही.

त्या दिवसापासून अण्णा तुझ्या बाकावर. येता-जाता ते आमच्या दारावरून जातात. परवा मी त्यांना ताक दिलं आणि विचारलं, साहेब काय म्हणाले? तर म्हणाले, "खोकं कुणी ठेवलं इचारत्यात. मी म्हटलं, बस्तीत माणसं पुण्य ठिवून जात्यात, मी काय उघडून बघतोय व्हय?" एवढं बोलून त्यांनी पेला पालथा घातला. त्यांना नक्की माहीत आहे, धम्मपाल. किल्ली त्यांनीच दिली होती. त्यांनी जिनेशला पाळण्यात बघितलेलं आहे आणि ते नाव सांगणार नाहीत. तू चांगला माणूस आहेस, त्यांना खुर्ची देतोस, चहा विचारतोस, हेही त्यांनी सांगितलं. पण तुझ्या वरही साहेब आहेत, आणि कुणाचं तरी नाव कागदावर चढायलाच हवं असणार.  काल अभिषेकाच्या वेळी कलश अण्णांच्या हातून निसटला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

जिनेशला हे सगळं दिसत होतं.  पुण्याच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी जिन्यात उभी होते. मोबाईलमधूनही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं तो बोलतो. "देवळातला म्हातारा हाय, त्याला कोण आत टाकतंय? तू बेळगावला जा, गप बस, लोक इसरतील." त्यानंतर जिनेशची बॅग दाराशी आली. कपडे भरलेली. मी ती बघितली, मी बघितलेलं त्यानं बघितलं, आणि आम्ही दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मला रात्रभर बॅगेच्या चेनचा आवाज येत होता. उठून बघावं तर बॅग तिथंच.

आज सकाळी बस्तीत क्षमावाणी झाली. सगळे एकमेकांना हात जोडत होते. रांगेत जिनेश पुढे सरकत सरकत अण्णांसमोर आला. तोंड उघडणार तोच अण्णांनीच वाकून हात जोडले आणि म्हणाले, "माझंच काय चुकलं-माकलं आसंल तर मनात ठिवू नगंस रं बाळा." मी बायकांच्या बाजूला उभी होते. जिनेश तिथंच खाली बसला. लोकांना वाटलं, उपवासानं चक्कर आली. कुणी पाणी आणलं. 

घरी आल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं, खोक्यापासून बेळगावपर्यंत. मग म्हणाला, "अक्का, तू धम्मपालदादाला सांग की. तुझं ऐकतील ते." म्हणून हे पत्र. पण तू घाबरू नकोस, मी तुझ्याकडे काही मागणार नाही. बघून न बघितल्यासारखं कर, असं मी तुला म्हणायचं आणि तू तसं करायचं, हे मला पाहायचं नाही. आपल्या वर्गात आपण दोघंच होतो. सरांनी पहिल्याच दिवशी तुला विचारलं होतं, तू संस्कृतला का आलास? तू म्हणालास, "आमच्याबद्दल काय काय लिवलंय त्यात, बघून येतो की." त्या मुलाला मी असली चिठ्ठी पाठवणार नाही. तू तुझं काम कर. गुंडूअण्णांना मात्र आजच घरी पाठव. त्यांच्या जागेवर बसायला माणूस आला आहे.

कारण हे पत्र टपालानं यायचं नाही. ते जिनेश आणून देणार आहे. पाकीट मी चिकटवलेलं नाही. त्यात काय लिहिलं आहे ते त्याला वाचून दाखवलं आहे, आता हा शेवटचा परिच्छेद सोडून. तू बरोबर येतेस का, असं त्यानं विचारलं नाही आणि मीही येते म्हटलं नाही. हात धरून आणलं तर मी आणलं असं होईल. आमच्या दारापासून तुझ्या ठाण्यापर्यंत चालत यायचं तर वाटेत एसटी स्टँड लागतं, आणि बेळगावची गाडी तिथून घडोघडी सुटते. बॅग अजून दाराशीच आहे. ती त्यानं उचलली की नाही ते मी बघणार नाही, मी स्वयंपाकघरात बसून राहीन. तू हे वाचतो आहेस म्हणजे तो स्टँड ओलांडून आला. बहुधा उभाच असेल, त्याला बस म्हण. सकाळपासून पोटात काही नाही, चहा देशील तर साखर जास्त घालायला सांग. मग मला एक फोन कर. काही समजावू नकोस, काय होईल ते सांगू नकोस. पत्र मिळालं, एवढंच म्हण. मी फोनपाशीच आहे.

उत्तम क्षमा. नेमकं कशाबद्दल, ते आता तुझ्या हातात आहे.

तुझीच (ललितानं वाचलं तर तिचीही),
प्रभावती