रंजी अजून आली नाही

रंजे,

काल कारंज्याच्या स्टँडवर तू अमरावतीच्या होस्टेलातल्या मैत्रिणींले माही ओळख करून देली, "ही रूपा, आमच्या गावची." बस, एवढंच! बारावीपर्यंत आपण एका बाकावर बसलो, हे सांगाले तुले काय झालं होतं?

मंग कामरगावच्या गाडीत तू माह्याच बाजूले बसली अन् माह्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मले लय राग आला होता, तरी मी खांदा हलवला नाही. उतरताना तू म्हणाली, "उद्या येते घरी."

आज सकाळपासून मी दारात जाऊन पाहून राह्यली. हे पत्र तुले देणार नाही. वाचून तू सॉरी म्हणशील, अन् तुह्या तोंडून सॉरी आयकणं मले जमणार नाही.

अजून तुहीच,
रूपा