बुरुजावरचा अंगठा

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मी धडधाकट आहे, फक्त डोकं तापलंय.

काल सुट्टी होती म्हणून समुद्रावरचा तो किल्ला पाहून आले. मी शाळेत असताना त्याच्याच डागडुजीसाठी तुम्ही दोन वर्षं घराबाहेर होतात. कड्यावरची घरटी, खालचं निळंशार पाणी, सगळं तुम्ही सांगायचात तसंच आहे.

पण तो गाइड! बुरुजाच्या चुन्यात उमटलेला अंगठा दाखवून म्हणतो, "हा चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा." लोक धडाधड फोटो काढायला लागले. बाबा, त्यात तुमच्या छिन्नीच्या जखमेची आडवी रेघ आहे! शेवटच्या सांध्यात अंगठा दाबल्याशिवाय तुम्ही कधी काम सोडलंय का?

मी म्हटलं, "अहो, हा माझ्या बाबांचा अंगठा आहे." तर सगळे हसले. गाइड म्हणाला, "ताई, असं सगळेच म्हणतात." सगळेच कसे म्हणतील?

कहर म्हणजे खरी जुनी भिंत शेजारीच आहे आणि तिच्यावर सिमेंट थापलंय. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तुम्ही असतात तर थापी फेकून मारली असती.

हाताची थरथर कमी आहे ना? खरं सांगा, मागच्या पत्रातलं अक्षर आईचं होतं.

थंडी सरली की मी तुम्हाला इथे आणणार. त्या गाइडसमोर त्या खळग्यात अंगठा ठेवायचा, बस. हात थरथरला तर मी धरीन.

तुमची,
अजून धुमसणारी लेक