पोलाच्या अलीकडची गल्ली

२ मार्च, सोमवार

सकाळपासून गल्लीत ट्रक. एकामागून एक! गल्ली आमची केवढी — समोरच्या खिडकीतून हात लांब करून मीठ मागावं एवढी. त्यात हे दहा चाकांचे रेडे. खिडकी लावली तर काच थरथरते, उघडली तर धूर आत. ताईनं तीन वेळा लादी पुसली, तीनदा फडकं काळं.

झालंय काय, तर शहराच्या आतल्या भागात जुन्या डिझेलच्या गाड्यांना आजपासून बंदी. हवा स्वच्छ करायची म्हणे. करा की! मोठ्या रस्त्यावर, आमच्या गल्लीचं तोंड ओलांडलं की लगेच, बंदीचा बोर्ड उभा आहे, सिमेंट भरलेल्या पिंपात. ट्रकवाला तो बघतो, शिवी घालतो आणि बोर्डाच्या अलीकडच्या शेवटच्या गल्लीत वळतो. शेवटची गल्ली कुणाची? आमची!

आणि ते पिंप तिथं ढकलत कुणी नेलं? मी. शुक्रवारी, पालिकेच्या कामावर. मुकादम म्हणाला ठेव, ठेवलं. बोर्डावर काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही. सातवी शिकल्याचा हा असा उपयोग!

५ मार्च

ताईची चिमणी खोकतेय. ताई म्हणते सर्दी आहे. सर्दी नाही.

९ मार्च

चिमणीला घेऊन डॉक्टरकडे. ताई, मी आणि ती. दोन वर्षांची पोर, बरगड्या आत जातात श्वास घेताना. डॉक्टर चांगला माणूस आहे, पण म्हणाला काय — "धुरापासून लांब ठेवा."

ताई म्हणाली, "कुठं ठेवू? माळ्यावर?"

त्यानं वाफ द्यायचं मशीन लिहून दिलं. नाकातोंडावर तो मास्क धरला की पोरगी अशी लाथा मारते की दोघांनी धरावं लागतं. आज मी पाय धरले. एवढेसे पाय! मला काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

संध्याकाळी दाजी आले. त्यांचा टेंपो म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठा, फर्निचरची ने-आण करतात त्यावर. माझ्या तोंडून निघून गेलं — दाजी, तुमचा टेंपोपण धूरच सोडतो.

"सोडतो," ते म्हणाले. "त्या धुरातूनच ताटात भाजी येते, मेहुणेबुवा. वाढू का अजून?"

ताईनं मला डोळ्यांनीच दटावलं. बहिणीच्या घरी राहायचं म्हणजे तोंडाला झाकण लागतं. म्हणून इथं लिहितो. वहीला झाकण नाही.

१५ मार्च, रविवार

आज ताईला आणि चिमणीला बोर्डाच्या आत फिरायला नेलं. आठवडाभर मी तिथंच खणत असतो, म्हणून ठाऊक होतं.

खोटं असतं ना, तर बरं झालं असतं! पेपरात छापतात तशी नुसती थाप असती तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण हवा खरंच चांगली आहे. झाडाची पानं हिरवी दिसतात, हिरवी! बाकावर बसलो. चिमणी कबुतरांमागं धावली. पडली, उठली, पुन्हा धावली. एकदासुद्धा खोकली नाही. ताई तिच्याकडे बघत होती आणि मी ताईकडे. ताई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली, बोट पांढरं पडेपर्यंत.

परत येताना बोर्ड ओलांडला. गल्लीत शिरलो. जिन्यातच खोकला सुरू.

म्हणजे धूर कुठं गेलाच नाही. त्यांच्या दारातला उचलून आमच्या दारात आणून ठेवला. आणि वर बोर्डावर हिरवं पान काढलंय. हरामखोर!

२० मार्च

सभा होती. "नागरिकांनी सूचना कराव्यात." मी काम अर्धं टाकून गेलो, चिखलाच्या बुटांनी. पुढच्या खुर्च्यांवर आतली माणसं, इस्त्रीची. भिंतीवर नकाशा, त्यात मोठा हिरवा गोल. एक साहेब काठी न घेता बोटानंच दाखवत होते. धूर एवढा कमी झाला, तेवढा कमी झाला. टाळ्या.

मी उभा राहिलो. म्हटलं, आमची गल्ली यात कुठं आहे?

साहेबांनी गल्लीचं नाव विचारलं, शोधलं. "ती हद्दीबाहेर येते."

हद्दीबाहेर म्हणजे कुठं? दाखवा ना!

त्यांनी अंगठा उचलला. गल्ली अंगठ्याखाली होती.

लोक हसले. साहेब वाईट नव्हते, समजावत होते — "हद्द कुठंतरी आखावीच लागते ना? पुढच्या टप्प्यात विचार करू." मला नीट काही सांगता येईना. चिमणीच्या बरगड्या कशा सांगणार? मग मी शिव्या दिल्या. जेवढ्या येतात तेवढ्या. दोन रखवालदारांनी दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी ताईनं विचारलं, "बोललास का?"

बोललो.

"काय बोललास?"

शिव्या दिल्या.

"मग बरोबर बोललास," म्हणाली आणि मास्क धुवायला घेतला.

२१ मार्च

आईचा फोन. "चिमणी कशी आहे?" मजेत आहे म्हटलं. "आणि तू?" मीपण मजेत. दोघांचीही मजाच मजा चाललीय!

२५ मार्च

पिंपं जाणार, पक्के पोल येणार. पोलावर बोर्ड, नंतर वर कॅमेरा. जुनी गाडी पोलाच्या आत गेली की फोटो, दंड. साहेबांची माणसं फुटपाथवर लाल रंगानं फुल्या मारून गेलीत. फुलीवर खड्डा, खड्ड्यात पोल. आमच्या तोंडाशी फुली पिंपाच्याच जागी.

सगळ्या शहरातले खड्डे आम्हीच घेतो, मी आणि लंबू. लंबू पोल धरायला, मी पहारीला. मुकादम चहा प्यायला.

आमच्यात एक चाल आहे. खड्ड्यात पाण्याचा पाइप लागला तर तिथं पोल लावायचा नाही. मुकादम पाइपचा फोटो काढतो, साहेबांना पाठवतो आणि जवळची मोकळी जागा बघून पोल तिथं उभा करतो. बघायला कुणी येत नाही. एवढं मोठं ऑफिस, एवढा मोठा नकाशा — आणि हद्द शेवटी कुठं? जिथं पहार आत जाते तिथं!

आज दिवसभर हेच डोक्यात.

२७ मार्च

केलं.

आमच्या तोंडाशी खड्डा घेतला. लंबू पाणी आणायला गेला होता, मुकादम टपरीवर. गाडीत भंगारातला लोखंडी पाइप होता, हातभर. पोत्यात गुंडाळून आणला, खड्ड्याच्या तळाशी आडवा दाबला, वर माती लोटली, अर्धा उघडा ठेवला. पहार हाणली. खण्ण! ओरडलो — पाइप!

मुकादम आला. वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.  त्यानं फोटो काढला, पाठवला. साहेबांचा फोन आला असावा, तो नुसता "हो, हो" म्हणत होता. मग मला — "आत सरकवायची सोय नाही, आत दुकानाचं शटर आहे. बाहेर सरकव. गल्लीच्या अलीकडे."

मी तेच सांगणार होतो. त्यानं आधीच सांगितलं.

पोल आता आमच्या गल्लीच्या अलीकडे उभा आहे. आमची गल्ली आत! ट्रक आमच्यापर्यंत पोचतच नाहीत, आधीच्या गल्लीत वळतात. काँक्रीट ओतताना मी गाणं म्हणत होतो. लंबू म्हणाला, "काय रे, लग्न ठरलं का?"

३० मार्च

शांतता. खिडकी उघडी. चिमणी दुपारी झोपली, तोंड उघडं टाकून, बेडकासारखी. ताई तिच्या उशाशी बसून राहिली. म्हटलं, तूपण झोप की. म्हणाली, "थांब. बघू दे."

२ एप्रिल

दाजींचा तमाशा! टेंपो घरी आणता येत नाही ना आता. गल्ली आत गेली, टेंपो बाहेरचा. तीन गल्ल्या सोडून लावतात आणि चालत येतात. आल्या आल्या — "कुठल्या गाढवानं तो पोल तिथं रोवला? हातात सापडला ना, तर त्यालाच टेंपोला जुंपतो!"

मी ताटात डोकं खुपसून जेवत होतो.

"मेहुणेबुवा, तुम्ही त्याच खात्यातले. विचारा की जरा."

विचारतो म्हटलं.

तेवढ्यात चिमणी दुडुदुडु धावत आली, दाजींच्या पायाला धरून उभी राहिली आणि मोठ्यानं हसली. हसून खोकला आला नाही. दाजी तिच्याकडे बघत राहिले. घास हातातच. मग मला म्हणाले, "राहू दे. नको विचारूस." आणि माझ्या ताटात आपल्या ताटातलं थोडं वाढलं. आजवर कधी वाढलं नव्हतं.

७ एप्रिल

दाजींचा डबा द्यायला टेंपोपर्यंत गेलो. मधे ती आधीची गल्ली लागते. ट्रक खेटून उभे. एक म्हातारी दारातलं तुळशीवृंदावन पुसत होती, पुसलेलं पुन्हा काळं. एका पोरानं शर्टाची कॉलर नाकावर ओढली होती.

मग? मी काय करू? माझं एकच घर आहे! ज्याला त्रास होतो त्यानं आपलं बघावं. मी बघितलं की नाही?

८ एप्रिल

त्या गल्लीतून जायचं नाही. लांबून जायचं.

१६ एप्रिल

लांबून जाऊन जाऊन दाढी वाढली! आमच्या भागात सलून एकच, आणि ते नेमकं त्या गल्लीत. आईचा व्हिडिओ कॉल यायचा होता, म्हणून गेलो. मूर्खासारखा गेलो.

सलूनवाला माझ्याच वयाचा, बडबड्या. साबण लावला, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि सुरू. "हे टॉवेल बघा. पांढरे आणले होते. आता गिऱ्हाईक विचारतं, हा रंग नवीन आला का?" हसला. मीपण हसलो. कोपऱ्यात त्याचा बाप बसलेला, जुना कारागीर. त्याच्या मांडीवर तोच मास्क. चिमणीचाच. तसलाच!

"परवापर्यंत गिऱ्हाइकांची डोकी करत होते," सलूनवाला म्हणाला, "आता कात्री धरली की धाप. बोर्ड आधी पुढं होता हो. पुढच्या गल्लीच्या पलीकडे. मग अचानक इकडे आला. बोर्डाला पाय फुटतात का? कुणीतरी आणलाच ना? एकदा तो माणूस या खुर्चीत बसू दे माझ्या."

वस्तरा गळ्यावर होता. मी आरशात बघितलं. साबणात नुसते माझे डोळे दिसत होते.

राग आला. एवढा राग! त्याच्यावर नाही. साहेबांवर नाही. कुणावर तेही कळेना, आणि म्हणूनच जास्त आला.

म्हटलं, बसलाय.

"कोण?"

तो माणूस. मीच.

वस्तरा थांबला. बापाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी सांगितलं सगळं — बहिणीची पोर, पाइप, फोटो. हलता येत नव्हतं, म्हणून बरंच झालं, नाहीतर पळून गेलो असतो.

त्यानं दुसरा गाल केला. नीट केला, कुठं कापलं नाही. पाणी मारलं, काळा टॉवेल माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाला, "ऊठ."

१७ एप्रिल

दिवसभर त्याच्या त्या "ऊठ"वर चिडलोय. दोन ठोसे मारले असते तर जमलं असतं.

२० एप्रिल

सकाळी वळणाऱ्या एका ट्रकनं पोल पाडला. मुळासकट. मुकादम म्हणाला, "तिथं पुन्हा पाडतील. संध्याकाळच्या आत नवीन जागा शोध. तुला बरे पाइप सापडतात." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं!

मी सलूनमध्ये गेलो. म्हटलं, चल, तूच जागा दाखव. त्यानं गिऱ्हाइकाला बसवून ठेवलं आणि आला. त्याच्या गल्लीच्या अलीकडे गेलो. तिथं एका दारात पाळणा टांगलेला. त्याच्या अलीकडे — पायरीवर दोन बायका शेंगा सोलत बसलेल्या. त्याच्याही अलीकडे गेलो. तो म्हणे, "इथं?" मी म्हणे, तूच सांग. मग मी म्हणे, इथं? तो म्हणे, "तू सांग." पार टेंपो उभा असतो तिथपर्यंत गेलो, आणखी पुढं गेलो.

मुकादमाचा फोन. "मिळाली का जागा?"

नाही म्हटलं. सगळीकडे माणसं राहतात.