बाबांच्या कॉम्प्युटरमधली डिस्क

आई,

तुला उठवलं नाही, कामावर निघालोय. दुरुस्त करता करता जीव मेटाकुटीला आला, पण बाबांपाठोपाठ त्यांचा कॉम्प्युटरही गेलाच. हार्ड डिस्क तेवढी काढून बाहेरून जोडायच्या डबीत बसवली. फोटो सगळे वाचले.

डिस्क पुसून ताईला द्यायची होती, तिच्या ऑफिसच्या फायलींसाठी. पुसायच्या आधी सहज चाळली. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेल्यावर बाबा दार लावून बसायचे आणि आपण म्हणायचो, रुसलेत. रुसले नव्हते गं. बोलायचा सराव करून रेकॉर्ड करत होते. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये एकच वाक्य आहे, "अगं, ऐकलंस का?" शेवटच्यात जवळजवळ जमलंय.

डिस्क टीव्हीला जोडलीय, आता तिथेच राहील. ताईला नवी आणतो. रिमोटचं मधलं बटण दाब, आवाज मोठा कर, आणि ओ दे.